चुना की तैलरंग?

जुन्या घराचा जीर्णोद्धार काढला की गृहस्थ प्रथम रंगाची चौकशी करतो; भिंत कशाची, हे शेवटी पाहतो. आमचा आक्षेप या क्रमाला आहे. गोमंतकातील जुनी भिंत जांभ्या दगडाची, गिलावा चुन्याचा. ती पावसाळ्यात ओल शोषते व उन्हाळ्यात सोडते. चुन्याची सफेदी ही वाट मोकळी ठेवते. हवेतील कर्बवायू घेऊन ती भिंतीवरच कठीण होते. तैलरंगाचा पापुद्रा चढला की ओल आत कोंडते, क्षार फुलतात आणि पोपडे गिलावा घेऊन गळतात. मग दोष मात्र जुन्या भिंतीला!

मोरजीच्या मोरजाई मंदिरातील कावीकाम पाहावे: पांढऱ्या चुन्यावर तांबडा थर देऊन तो कोरून काढलेली चित्रे. अशा भिंतीवर डबा उघडणाऱ्या देवस्थान समितीने निदान एकदा जाणत्यास विचारावे.

तथापि चुन्याचे वकीलपत्र आम्ही घेतलेले नाही. सफेदी अंगाला लागते, धुता येत नाही, वरचेवर काढावी लागते. सिमेंटच्या गिलाव्याला कृत्रिम रंगच सोयीचा. शिवाय नैसर्गिक ते निरुपद्रवी, हेही खरे नव्हे. हरताळ खनिजच, पण त्यात सोमल असतो. उलट, घरगुती रंगांतील शिशाला २०१६ च्या नियमांनी दशलक्ष भागांत ९० भागांची मर्यादा घातली. ती १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. मात्र या नियमांचा अंमल पूर्वलक्षी नाही. आजोबांच्या काळच्या दारावरील रंगात शिसे असलेच, तर ते तेथेच आहे; तो कोरडा खरवडू नये, आणि त्या दिवशी मुलांना घरात ठेवू नये.