देखणी चित्रं, घाईतली नावं

गेला महिनाभर अंधेरी-बोरिवली लोकलमध्ये उभ्याउभ्या मी मोबाईलवर एकच पुस्तक झूम करून बघतेय. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेलचा रेडिओलॅरियांवरचा अहवाल, साल १८८७. 'चॅलेंजर' या ब्रिटिश जहाजाने १८७२ ते १८७६ मध्ये जगभरच्या समुद्रांतून जमवलेले नमुने त्याने तपासले. १४० चित्रपानं आणि साडेतीन हजारांच्या आसपास नव्या प्रजाती! नेटवर फुकट आहे, जरूर बघा.

रेडिओलॅरिया म्हणजे समुद्रात तरंगणारे एकपेशीय जीव. बहुतेक डोळ्यांना दिसतही नाहीत, पण अंगात काचेसारख्या सिलिकाचा जाळीदार सांगाडा. त्यांच्या एका गटाचं नाव नॅसेलेरिया. लॅटिनमध्ये 'नासा' म्हणजे मासे धरायची विणलेली टोपली. वर्सोव्यातल्या एखाद्या कोळीण मावशींना चित्र दाखवलं, तर त्याही बहुधा टोपलीच म्हणतील.

मग तक्रार कुठे आहे? वर्गीकरणात. मोठे चार गट हेकेलने पेशीच्या आतल्या रचनेवरून पाडले, ते ठीक. पण त्याखाली निव्वळ भूमिती. हात किती, काटे किती, कडी किती? आकडा बदलला की नवं नाव. कोड लिहिणाऱ्याला ही सवय लगेच ओळखू येते: सगळे पर्याय लूपमध्ये फिरवायचे आणि प्रत्येकाला एक फोल्डर द्यायचा. पुढे यातली पुष्कळ नावं बाद झाली, कारण वेगळी वाटलेली रूपं एकाच प्रजातीची निघाली. २००४ मध्ये तर डीएनएने दाखवलं, की त्याच्या चारपैकी फिओडेरिया हा अख्खा गट रेडिओलॅरियाच नाही. दिसायला सारखे, घराणं वेगळं.

हे मला लागलं, कारण मीही हेच केलंय. ऑफिसात ग्राहकांच्या तक्रारींचे सात कप्पे मी आखले. डॅशबोर्ड देखणा झाला, कौतुकही झालं. दोन महिन्यांनी कळलं, की खरे अडकलेले लोक आठव्या कप्प्यात होते: 'इतर'. तो कोणी उघडतच नव्हतं.

हेकेलची रांगा लावायची हौस प्लँक्टनवर थांबली नाही. १८६८ च्या पुस्तकात त्याने माणसांचेही गट पाडून त्यांना वरखाली बसवलं. आपल्या देशात अशा उतरंडीचं काय होतं, हे वेगळं सांगायला नको. म्हणून 'चित्रं किती सुंदर' एवढंच म्हणून हे पुस्तक मिटता येत नाही. सुबक मांडणी बघितली की आपण पुरावा मागायचं विसरतो.

आणि नावं ही फक्त पुस्तकी गोष्ट नाही. हे सांगाडे समुद्रतळाच्या गाळात लाखो वर्षं टिकतात. कुठल्या थरात कुठली प्रजाती किती, यावरून तेव्हाचा समुद्र कसा होता ते ताडतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत हिंद महासागरातल्या रेडिओलॅरियांवर असं काम झालंय. तिचं एक केंद्र आपल्या अंधेरीतच आहे. तिथे ओळख चुकली, तर समुद्राचा इतिहासच चुकणार.

माझं मत विचाराल तर चित्रांना पैकीच्या पैकी. नावं मात्र पहिलं व्हर्जन समजून वाचा. सोमवारी मी आधी 'इतर' उघडणार आहे.