नाइटिंगेलचा आलेख: मार्चची रेघ कुठे ओढली?

लष्करी रुग्णालयाचा दर्जा कसा सुधारावा, हे शिकवताना फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा १८५८ चा आलेख हमखास दाखवतात. क्रिमियन युद्धातले ब्रिटिश सैनिकांचे मृत्यू त्यात महिनावार, पाकळ्यांसारखे मांडलेत. एका वर्तुळात एप्रिल १८५४ ते मार्च १८५५, दुसऱ्यात पुढचं वर्ष. पहिलं अवाढव्य, दुसरं चिमुकलं. मार्च १८५५ मध्ये सॅनिटरी कमिशन स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोचलं, गटारं साफ झाली, म्हणून मृत्यू घटले, असा त्याचा अर्थ लावला जातो.

आता जरा रिसर्च पेपर तपासतो तसं बघू. टाळता येण्याजोग्या रोगांचे मृत्यू जानेवारीत २,७६१, फेब्रुवारीत २,१२०. म्हणजे कमिशन यायच्या आधीच उतार लागला होता! थंडीही ओसरत होती. वर्तुळ मार्चअखेर तोडल्यामुळे हा उतार पहिल्या वर्तुळात दडून जातो. शिवाय आकडे अख्ख्या फौजेचे, एकट्या स्कुटारीचे नाहीत.

मग सफाई निरुपयोगी होती का? अजिबात नाही. एप्रिलमध्ये आकडा ४७७ वर आला. पण त्यात सफाईचा वाटा किती, हे हा आलेख सांगू शकत नाही.

मला त्यांचं मोठं काम वेगळं वाटतं. महिनावार आकडे त्यांनी छापले, म्हणून तर आज आपण त्यांनाच तपासू शकतो. १८६० मध्ये सगळ्या रुग्णालयांनी एकसारखा नोंद-तक्ता वापरावा, असा आग्रहही त्यांनी धरला. आजचं मानांकन अशाच सलग, तुलना करता येणाऱ्या नोंदींवर उभं आहे.

तेव्हा प्रबंधात 'आधी-नंतर' असे दोनच खांब काढू नका. आधीचा उतारही दाखवा.