शिफारस, इतिहास आणि अद्भुत

एखादी कादंबरी सहवाचकाने वाचावी असे सुचविणे ही वरवर साधी वाटणारी कृती वस्तुतः समीक्षेची पहिली पायरी होय. सुचविणारा निवड करतो आणि त्या निवडीमागे, उच्चारलेला असो वा नसो, एक निकष असतो. ऐतिहासिक फँटसी ह्या संमिश्र वाङ्मयप्रकाराच्या बाबतीत हा निकष क्वचितच तपासला जातो. इतिहासाची आवड असणाऱ्याला इतिहासासाठी आणि अद्भुताची आवड असणाऱ्याला अद्भुतासाठी ती सुचविली जाते. दोहोंच्या परस्परसंबंधाचा प्रश्न मात्र बाजूलाच राहतो.

मराठी वाचकाच्या बाबतीत ह्या उपेक्षेला परंपरेचेही कारण आहे. 'मुक्तामाला' (१८६१) अद्भुतरम्य कादंबरीच्या आणि 'मोचनगड' (१८७१) ऐतिहासिक कादंबरीच्या प्रारंभी ठेवून आपण हे दोन प्रवाह वेगळे मानत आलो. ऐतिहासिक कादंबरीचे मूल्यमापन पुराव्याशी असलेल्या इमानावरून करावयाचे आणि अद्भुताला बालिश रंजनाच्या खात्यात टाकावयाचे, ही सवय त्यातून दृढ झाली. ह्या सवयीने प्रस्तुत प्रकाराकडे पाहिल्यास तो दुहेरी अपराधी ठरतो.

म्हणून वेगळा निकष सुचवावासा वाटतो. कादंबरीतील अद्भुत घटक काढून टाकला, तर तिचा ऐतिहासिक आशय अबाधित राहतो काय? राहत असेल, तर अद्भुत हे निव्वळ अलंकरण होय. राहत नसेल, तर इतिहासाविषयीचे काही आकलन अद्भुताच्याच द्वारे घडत आहे असे म्हणावे लागेल.

कॅनेडियन कादंबरीकार गाय गॅव्हरिएल के ह्यांची 'तिगाना' (१९९०) ह्या कसोटीला पूर्णतः उतरते. प्रबोधनकालीन इटलीच्या धर्तीवर कल्पिलेल्या द्वीपकल्पात ब्रँडिन हा मांत्रिक राजा आपल्या पुत्राच्या वधाचा सूड म्हणून एका प्रांताचे नावच पुसून टाकतो. त्या भूमीत जन्मलेल्यांखेरीज कोणालाही ते नाव ऐकूच येत नाही. जेत्यांनी पराभूतांच्या स्मृतीशी आणि भाषेशी केलेला व्यवहार इतिहासाला परिचित आहे. परंतु दस्तऐवज सांगतात ते मागे उरलेल्याविषयी. जे उरलेच नाही त्याचा अभाव अनुभवास आणून देण्याचे कार्य येथे मंत्र करतो. मंत्र वगळला की कादंबरीच उरत नाही. शिवाय सूड घेणारा येथे शोकाकुल पिताही आहे, आणि नाव परत मिळवू पाहणारा राजपुत्र अलेसान एका मांत्रिकाचे स्वातंत्र्य हिरावून त्याला आपल्या कार्याला जुंपतो. न्याय्य स्मरणही निष्पाप नसते, ही जाणीव आपल्या वीरपूजक ऐतिहासिक कादंबरीत फारशी आढळत नाही.

त्यांचीच 'द लायन्स ऑफ अल-रसान' (१९९५) अधिक अवघड प्रश्न उभा करते. येथे जादू जवळजवळ नाहीच. आकाशात दोन चंद्र आहेत आणि मध्ययुगीन स्पेनमधील मुसलमान, ख्रिस्ती व यहुदी ह्यांच्या जागी अनुक्रमे तारे, सूर्य व चंद्र ह्यांचे उपासक आहेत. टोलेडोचा १०८५ मधील पाडाव आणि ग्रॅनडाचे १४९२ मधील पतन ह्यांमधील शतके कादंबरी जेमतेम एका पिढीत सामावते. ह्या स्थानांतराने वाचकाचे पूर्वग्रह काही काळ निःशस्त्र होतात, हा लाभ खरा. परंतु धर्मांचा तात्त्विक आशयच गळून पडल्यामुळे त्यांच्यातील वैर निराधार भासू लागते, आणि ते ऐतिहासिकदृष्ट्या तसे नव्हते. त्या काळाच्या इतिहासग्रंथासोबतच ही कादंबरी वाचावी, असे सुचविणे म्हणूनच प्राप्त आहे.

सुझॅना क्लार्क ह्यांच्या 'जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल' (२००४) ह्या कादंबरीचा मार्ग उलट आहे. येथे देश, युद्धे, वेलिंग्टन सारे खरे. आणि ह्या खऱ्या इंग्लंडला जादूचा एक कल्पित इतिहास बहाल केला आहे, तोही नसलेल्या ग्रंथांचे हवाले देणाऱ्या तळटीपांसह. पुराव्याची प्रतिष्ठा कशी घडविली जाते, हे ह्या विडंबनातून उघडे पडते. कथानकाचा आरंभ १८०६ च्या सुमाराचा आहे. ब्रिटिश संसदेने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली ती १८०७ मध्ये. गुलामवाहू जहाजावर जिची आई मृत्यू पावली अशी स्टीफन ब्लॅक ही व्यक्तिरेखा ह्या पार्श्वभूमीवर पाहावी. त्याचे खरे नाव कोणत्याही नोंदवहीत नाही. ते शोधले जाते ते परीलोकातील एका लहरी पुरुषाकडून. अभिलेखागार जेथे मूक होते, तेथे अद्भुत बोलू लागते.

ह्यावर आक्षेप संभवतो, की अशा लेखनाने कल्पित आणि घटित ह्यांमधील सीमा पुसट होईल. तथापि हा धोका अधिक आहे तो पुराव्याचा आव आणून कल्पित सांगणाऱ्या ऐतिहासिक कादंबरीत. दोन चंद्र दाखविणारी कादंबरी आपले कल्पितपण लपवीत नाही.

तेव्हा सहवाचकाला प्रथम 'तिगाना' सुचवावी. संशोधनाची शिस्त अंगी बाणलेल्याला क्लार्क ह्यांची कादंबरी. आणि वाद घालण्याची तयारी असलेल्याला 'अल-रसान'. मात्र शिफारशीबरोबर निकषही सांगावा, म्हणजे वाचकाला शिफारस नाकारण्याचा अधिकार उरतो.