भेडाघाटचे चांदणे आणि शहराची रोषणाई

शरद पौर्णिमेच्या सुमारास भेडाघाटी धुवांधार धबधब्याच्या परिसरात जो नर्मदा महोत्सव भरतो, त्याकडे आजवर बहुतेकांनी गायन-नर्तनाचा सरकारी जलसा म्हणूनच पाहिले आहे. त्यातील रंगीत झोतांची, लेसरच्या रेषांची आणि व्यासपीठामागे उभ्या राहणाऱ्या विशाल डिजिटल पडद्यांची कला म्हणून परीक्षा करावी, असे कोणाच्या मनात आल्याचे माझ्या तरी वाचनात नाही. वस्तुतः ज्या नगरीचे वर्ष ग्वारीघाटच्या नित्य दीपदानापासून नवरात्रातील मंडपांपर्यंत आणि दसऱ्याच्या रात्रभर चालणाऱ्या चल समारोहाच्या मिरवणुकीपर्यंत प्रकाशाच्याच आधाराने पुढे सरकते, ज्या नगरीत अखंड प्रांताच्या विद्युत मंडळाचा मुख्य कारभार अनेक दशके नांदला, आणि जिच्या वरच्या अंगाला बरगीच्या धरणातून नर्मदा 90 मेगावॅटची वीज देऊन मग शहराकडे येते, त्या जबलपुरात प्रकाशकलेची समीक्षा उभी राहू नये ही उणीव लहान नव्हे.

या समीक्षेची कसोटी आपल्याला बाहेरून आणावी लागत नाही. भेडाघाटी पंचवटी घाटावरून नाव सोडली, की शंभर-शंभर फूट उंचीच्या कड्यांच्या मधोमध नदी आक्रसून शांत वाहू लागते, आणि त्या कड्यांचा दगड कोठे दुधासारखा शुभ्र, कोठे राखी, कोठे निळसर झाक असलेला, असा पदोपदी बदलत जातो. कॅप्टन जेम्स फॉर्सिथ याने 1871 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मध्य हिंदुस्थानविषयक ग्रंथात या खडकांचे मोठ्या आस्थेने वर्णन केले, आणि तेव्हापासून आजतागायत येणारा प्रत्येक रसिक प्रवासी पौर्णिमेच्या रात्रीचाच आग्रह धरीत आला आहे. यामागे भाविकपणा आहे तसे शास्त्रही आहे. पूर्ण चंद्राचा प्रकाश सुमारे पाव लक्स भरतो, आणि रस्त्यावरचा साधा दिवा त्याच्या कित्येक पटींनी तेजस्वी असतो; मनुष्याच्या डोळ्याला अंधाराशी पुरती ओळख करून घेण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि ती ओळख झाल्यावर त्या पाव लक्समध्ये दगडाच्या अंगावरील ज्या छटा उमलतात, त्या एका प्रखर झोताने क्षणार्धात नाहीशा होतात. इतक्या मंद उजेडात डोळ्याला रंग जवळजवळ दिसतच नाहीत, केवळ उजळ-काळोखाचे सूक्ष्म चढ-उतार दिसतात; त्यामुळे संगमरवरावर हिरवा किंवा जांभळा झोत टाकणे म्हणजे त्या दगडाचे जे वैशिष्ट्य तेच झाकून टाकणे होय. चित्रकाराला जसा कागद, तसा प्रकाशकाराला अंधार. तो जपून वापरला आहे की उधळून टाकला आहे, एवढा एकच प्रश्न मी प्रत्येक रोषणाईला विचारीन.

या कसोटीला ग्वारीघाट सहज उतरतो. सायंकाळच्या आरतीनंतर पानांच्या द्रोणांतून सोडलेले दिवे प्रवाहाबरोबर दूर जातात, आणि नर्मदा जयंतीच्या दिवशी, माघ शुद्ध सप्तमीस, त्यांची संख्या हजारोंनी वाढली तरी दोन दिव्यांमधले काळे पाणी शिल्लकच राहते. प्रत्येक दिव्याला स्वतःची गती, स्वतःचा थरकाप आणि स्वतःचा अंत असतो. ही रचना कोणा एका कलावंताची नाही, तथापि तिच्यात रचनेची सर्व अंगे आहेत. महाराष्ट्रातून आलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांना ती परकी वाटली नाही, याचे कारण आपल्या देवळांपुढील दीपमाळांत दडले आहे. जेजुरीच्या पायऱ्यांवरील दीपमाळा पाहाव्यात: दिवा कोठे असावा आणि कोठे नसावा, हे पाथरवटाने दगडातच कायमचे ठरवून ठेवले आहे. कार्तिकी पौर्णिमेस ज्या त्रिपुरासुराच्या वधाची आठवण म्हणून आपण त्रिपुरवाती लावतो, त्याच्या नगरीचा मान येथील लोक भेडाघाटच्या वाटेवरील तेवर या गावाला, म्हणजे कलचुरींच्या प्राचीन त्रिपुरी राजधानीला देतात. तेव्हा दीपोत्सवाची आपली परंपरा आणि या भूमीची परंपरा एकमेकींना फार पूर्वीच भेटलेल्या आहेत. 1781 पासून 1817 च्या डिसेंबरपर्यंत हा मुलूख आधी सागरच्या आणि मग नागपूरकर भोसल्यांच्या मराठी अमलाखाली होता, हे त्या भेटीतले एक लहानसे प्रकरण समजावे.

नवरात्राची गोष्ट अधिक गुंतागुंतीची, आणि म्हणून अधिक विचार करण्यासारखी आहे. मुंबईकडून आलेला आणि कलकत्त्याकडून आलेला लोहमार्ग 1870 साली ज्या गावी एकमेकांस मिळाले, त्या गावात पूर्वेची दुर्गापूजा आणि पश्चिमेचा गणेशोत्सव एकाच गल्लीत नांदू लागले यात नवल नाही. रेल्वे आली, 1904 मध्ये तोफगाड्यांचा कारखाना निघाला, पुढे खमरियाचा दारूगोळ्याचा आणि मग वाहनांचा. या कारखान्यांनी शहराला हात दिले, आणि ज्यांना तारा, यंत्रे व सांधे यांची उपजत समज आहे असे ते हात सणासुदीला मंडपांच्या मागे राबू लागले. सराफ्यातील नुनहाई आणि सुनरहाईच्या देवी सोन्या-चांदीच्या अलंकारांनी मढलेल्या असतात. तेथे जुन्या पद्धतीच्या स्थिर, पिवळसर उजेडात दागिन्यांवरून प्रकाश कसा परततो हे पाहणे हाच एक संस्कार आहे. परंतु मुख्य रस्त्यांवर आले, की कमानींवर, झाडांवर, गच्च्यांवर एलईडीच्या माळा अशा काही दाटीने धावू लागतात की देवीची मूर्ती ही त्या धावपळीत केवळ एक थांबा उरते.

येथे दोष कारागिरांचा नाही, हे मला आग्रहाने सांगावयाचे आहे. बंगालमधील चंदननगर येथे जगद्धात्री पूजेच्या निमित्ताने दिव्यांची जी कला बहरली, तिच्यात श्रीधर दास यांच्यासारखे कारागीर लाकडी रुळावर तांब्याच्या पट्ट्या बसवून, तो रूळ फिरवून, इवल्या इवल्या दिव्यांना क्रमाने उजळवीत. कोणता दिवा केव्हा लागावा आणि केव्हा विझावा, याचा हिशोब त्या रुळावर कारागिराच्या हाताने लिहिलेला असे. पुण्यातील गणेश मंडळांसाठी शिल्पकार द. स. खटावकर यांनी जे देखावे घडविले, त्यांतही मूर्ती, अवकाश आणि उजेड यांचा विचार एकाच मस्तकातून निघालेला असे. आज बाजारात जो नियंत्रक तयार मिळतो, त्यात मोर नाचण्याचे, चक्र फिरण्याचे, पाणी पडल्याचे नमुने आधीच भरलेले असतात, आणि म्हणून जबलपूरचा मोर, रायपूरचा मोर आणि नाशिकचा मोर एकाच तालावर पिसारा फुलवितात. साधन स्वस्त झाले ते उत्तमच झाले. पण क्रम ठरविण्याचा अधिकार कारागिराच्या हातून निसटला, आणि माझ्या मते गेल्या पंचवीस वर्षांत या कलेची झालेली सर्वांत मोठी हानी हीच होय.

थोड्या साधनांत प्रकाश काय करू शकतो याचे उत्तर हवे असेल, तर ते आपल्या रंगभूमीपाशी आहे. 1959 मध्ये कलकत्त्याच्या मिनर्व्हा नाट्यगृहात उत्पल दत्त यांच्या ‘अंगार’ नाटकात तापस सेन यांनी कोळशाच्या खाणीत पाणी भरत जाऊन खाणकामगार बुडतात तो प्रसंग निव्वळ प्रकाशाच्या बळावर उभा केला. पाण्याचा थेंबही रंगमंचावर नव्हता. जबलपुरात ‘विवेचना’सारख्या संस्थेने हिंदी नाटकाची निष्ठेने जोपासना केली आहे, ‘तरंग’सारखे प्रेक्षागृह आहे, आणि तेथे प्रकाशयोजना करणारी जी तरुण मंडळी आहेत त्यांना मंद उजेडाची किंमत कळते. त्यांपैकी एकालाही महोत्सवाच्या मैदानावर बोलावून, ‘या कड्यांसाठी तुम्ही काय कराल?’ असे कोणी विचारल्याचे दिसत नाही.

त्याऐवजी बाहेरून येते ते तयार प्रदर्शन. इमारतीच्या दर्शनी भागावर चित्रे प्रक्षेपित करण्याच्या ज्या तंत्राचा आज सर्वत्र बोलबाला आहे, त्याचे पूर्वज म्हणजे ध्वनी-प्रकाशाचे खेळ: 1952 साली फ्रान्समधील शांबोर येथील राजवाड्यात पॉल रोबेर-उदँ यांनी ते प्रथम सादर केले, आणि 1965 पासून दिल्लीच्या लाल किल्ल्यात ते आपल्याकडे रुजले. त्या मूळ खेळांत वास्तू ही नायिका होती. प्रकाश तिचा एखादा सज्जा उजळी, एखादा दरवाजा अंधारात ठेवी, आणि श्रोता आपल्या कल्पनेने उरलेले भरून काढी. आताच्या प्रक्षेपणात वास्तूचा पडदा होतो, आणि कोणतीही वास्तू चालते. डिजिटल माध्यमाला मी मुळीच दोष देत नाही. त्यात प्रकाशाची मात्रा पूर्वी कधी नव्हती इतक्या बारकाईने कमी-जास्त करता येते, प्रेक्षकाच्या हालचालीला उत्तर देता येते, नदीच्या पातळीनुसार रचना बदलता येते. ही सारी सामर्थ्ये बाजूला ठेवून केवळ तीव्रता वाढविली जाते, कारण समोरचा प्रेक्षक ती रचना डोळ्यांनी पाहण्याआधी मोबाइलने टिपतो, आणि मोबाइलच्या चौकटीत जे भडक तेच उठून दिसते. 1960 च्या ‘जिस देश में गंगा बहती है’ने आणि 2001 च्या ‘अशोका’ने हे खडक देशभर पोहोचविले, परंतु चित्रपटाचा प्रकाश एका भिंगासाठी रचलेला असतो, नावेतून सरकणाऱ्या माणसासाठी वेगळाच विचार करावा लागतो.

संख्येचा मोहही वाढतो आहे. उज्जैनला 1 मार्च 2022 रोजी, महाशिवरात्रीस, 11,71,078 दिवे लावून जागतिक विक्रमाची नोंद झाली, आणि त्यामागची लोकांची मेहनत खरी होती. पण विक्रमाची नोंद रचनेविषयी काहीच बोलत नाही. याउलट फ्रान्समधील लियों शहरात 8 डिसेंबर 1852 रोजी नागरिकांनी आपल्या खिडक्यांत लावलेल्या मेणबत्त्यांतून जो उत्सव जन्मला, तो आज जगातील प्रकाशकारांचा मोठा मेळावा झाला आहे. आणि त्या शहराने 1989 मध्ये संपूर्ण नगराच्या प्रकाशाची आखणी केली होती, हे विसरता येत नाही. उत्सवाचे चार दिवस आणि उरलेले वर्ष यांचा विचार तेथे एकत्र झाला. जबलपूरची निवड 2016 च्या जानेवारीत स्मार्ट शहरांच्या पहिल्या वीसात झाली, तेव्हा असा आराखडा करण्याची संधी आपल्याला होती. ती अजूनही गेलेली नाही.

भेडाघाटपुरता तर प्रश्न अधिक निकडीचा आहे. भेडाघाट-लमेटाघाट हा नर्मदेचा प्रदेश 2021 पासून युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशाच्या यादीत आहे. त्या कड्यांना लटकणाऱ्या आग्या मोहोळांतील माश्या चांदण्या रात्री मध गोळा करण्यास बाहेर पडतात आणि कृत्रिम दिव्यांकडे ओढल्या जातात. तेव्हा झोतांचा बंदोबस्त हा रसिकतेचा तसाच रहिवाशांच्या आणि नावाड्यांच्या सुरक्षिततेचाही विषय आहे.

या शहराने एकदा आपल्या भिंती कलावंतांच्या स्वाधीन केल्या होत्या. गोलबाजारातील शहीद स्मारकाच्या भित्तिचित्रांसाठी राज्यघटनेच्या उद्देशिकेचे पान सजविणारे जबलपूरचेच ब्योहार राममनोहर सिंह आणि शांतिनिकेतनचे त्यांचे सहकारी राबले, आणि ती चित्रे आजही कोणाही नागरिकाला पाहता येतात. मक्त्याच्या कागदात दिव्यांची संख्या आणि वॉट मोजता येतात, दृष्टी मोजता येत नाही. म्हणून प्रकाशाच्या कामासाठी स्वतंत्र निवड समिती असावी, तिच्यात एक चित्रकार, एक रंगभूमीचा प्रकाशकार, एक मंडपाचा कारागीर आणि अभियांत्रिकी महाविद्यालयातील एक जाणकार असावा, आणि तयार नमुन्यांऐवजी या जागेसाठीच केलेल्या रचना मागवाव्यात, अशी माझी सूचना आहे. तिला खर्चाची नवी तरतूद लागणार नाही. शिवाय येत्या शरद पौर्णिमेस, महोत्सवाच्या मुख्य रात्री, चंद्र कड्यांच्या वर आल्यानंतर एक तास पंचवटी घाटापासून धुवांधारपर्यंतचे सर्व झोत आणि पडदे बंद ठेवावेत. या मागणीची दरखास्त जिल्हा प्रशासनाकडे आणि पर्यटन खात्याकडे शहरातील मराठी संस्थांनी, नाट्यमंडळींनी आणि पूजा समित्यांनी आपापल्या सहीने पाठवावी, ही वाचकांना विनंती आहे.