‘बदलापूर’ : सूड आणि सहानुभूतीची दिशा

हिंदी चित्रपटात सूड हा बहुधा न्यायाचाच पर्याय म्हणून अवतरतो. ‘जंजीर’मध्ये (१९७३) विजयच्या आईवडिलांचा मारेकरी आणि समाजाचा गुन्हेगार ही एकच व्यक्ती असल्याने नायकाचा खाजगी दाह व सार्वजनिक न्याय यांत फट उरत नाही. ‘शोले’च्या (१९७५) अखेरीस पोलिसांनी ठाकूरला रोखले ते सेन्सॉरच्या आग्रहामुळे, कथेच्या तर्काला त्याची गरज नव्हती. श्रीराम राघवन यांचा ‘बदलापूर’ (२०१५) मात्र ही फट हेतुपूर्वक निर्माण करतो. मास्सिमो कार्लोत्तो यांच्या इटालियन कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटाचे बळ आणि त्याचे दौर्बल्य दोन्ही तिथेच शोधावे लागते.

आरंभीचे दृश्य या दृष्टीने लक्षणीय आहे. पुण्यातला एक रहदारीचा रस्ता, समोर बँक, जवळजवळ अचल कॅमेरा. कोणाकडे पाहावे याची सूचना दिग्दर्शक देत नाही. दरोडेखोर बाहेर पडतात, मीशाची गाडी पळवतात. गाडीत तिचा लहान मुलगा आहे. काही मिनिटांत दोघांचा अंत होतो. ही हिंसा कोणत्याही हेतूची परिणती नाही, ती घाबरगुंडीतून घडते. पुढील साऱ्या नैतिक हिशेबाचे हे मूळ मान आहे, आणि प्रेक्षक शोकाच्या भरात ते विसरतो. चित्रपटाला हे विस्मरण हवेच आहे.

मीशाचा पती रघू पंधरा वर्षे बदलापुरात वाट पाहत राहतो. (नगराच्या नावातील श्लेष मराठी प्रेक्षकाला सांगावा लागत नाही, तो थोडा सोपाही आहे.) येथे संहिता अशक्त आहे. शोकाचे रूपांतर थंड क्रौर्यात कसे झाले, हे त्या पंधरा वर्षांतच दिसावयास हवे होते. ते वाढलेल्या दाढीवर व मौनावर सोपवले जाते. वरुण धवन यांचा अभिनय प्रामाणिक असला तरी पात्राच्या अंतरंगातली ही पोकळी त्याने भरून निघत नाही. उलट तुरुंगातला लायक क्षणोक्षणी घडत जातो. तो लबाड आहे, विनोदी आहे, पळून जाण्याचे बेत आखतो, आईशी भांडतो, झिमलीच्या आठवणीत रमतो. नवाजुद्दीन सिद्दीकी यांनी त्याला दिलेली चंचल जिवंतता हीच चित्रपटाची खरी युक्ती होय. शोकमग्न मनुष्य गोठत जातो आणि खुनी मनुष्य माणसात येत जातो, तसतशी सहानुभूती नकळत कूस बदलते.

हे परिवर्तन पटवण्यासाठी चित्रपट जे साधन वापरतो ते मात्र तपासले पाहिजे. रघूच्या अधःपाताचे मोजमाप प्रत्येक वेळी स्त्रीच्या देहावर होते. तो झिमलीवर बळजबरी करतो. लायकचा साथीदार हरमन दाराबाहेर असताना त्याच्या पत्नीची, कांचनची विटंबना करतो. आणि अखेरीस हरमनबरोबर तिलाही हातोड्याने ठार करतो. कांचनचा अपराध काहीच नाही. दिग्दर्शकाला हेच दाखवायचे आहे, असा बचाव संभवतो. परंतु बंद दाराच्या प्रसंगात सारा ताण हरमनच्या अपमानावर केंद्रित होतो, कांचनची भीती ही त्या अपमानाची सामग्री ठरते. राधिका आपटे यांच्या चेहऱ्यावरची दहशत क्षणभर या रचनेला छेद देते, पण संहिता तिच्याकडे पुन्हा वळत नाही. चित्रपट रघूचा निषेध करतो तो रघूच्याच नजरेतून. ही विसंगती त्याच्या नैतिक दाव्याला आतून पोखरते.

शेवटाकडे गोळी आपणच झाडल्याचे लायक सांगतो. त्याचे कृत्य डोके तापलेल्या क्षणी घडले आणि रघूचे थंड डोक्याने, हा भेदही तोच दाखवून देतो. मग तो रघूचे खून स्वतःच्या माथी घेतो. हा प्रसंग विलक्षण प्रत्ययकारी आहे. आरंभीचे विसरलेले मान येथे परत हाती येते. तथापि लायकला कर्करोगाने आधीच मृत्यूच्या दारात उभे केलेले आहे. ज्याच्यापाशी जगण्याचे काही महिनेच उरले आहेत त्याच्या त्यागाची किंमत किती धरावी? लायक निरोगी असता आणि तरीही त्याने हेच केले असते, तर रघूसमोर व प्रेक्षकासमोर खरोखर असह्य असा पेच उभा राहिला असता. पटकथा त्या पेचाच्या उंबरठ्यापर्यंत येते आणि रोगाचा आधार घेते. झिमलीच्या तोंडून रघूला मिळालेल्या दुसऱ्या संधीची जाणीव करून दिली जाते, तेव्हा रघू निरुत्तर असतो. त्या संधीची किंमत मोजणारी कांचन मात्र त्या संभाषणात कोठेच नसते.