खोडलेला क्रूस आणि एक भक्तिगीत

पंक रॉक गाणारा माणूस चाळिशीत लोकगीतांकडे वळला, की समीक्षक ‘प्रगल्भता’ हा शब्द बाहेर काढतात. जणू आधीचे सगळे पोरवयाचे होते. ग्रेग ग्राफिनच्या बाबतीत मला हा शब्द मुळीच पटत नाही.

१९८० मध्ये लॉस एंजलिसजवळच्या शाळकरी पोरांनी काढलेल्या ‘बॅड रिलिजन’चा तो गायक. तिरपी रेघ मारून खोडलेला क्रूस ही त्या बँडची खूण. २००६ मध्ये त्याने ‘कोल्ड अ‍ॅज द क्ले’ हा अल्बम काढला. त्यात जुनी अमेरिकन लोकगीते आहेत आणि त्याच धाटणीची स्वतःची गाणी. निर्माता बँडमधलाच जुना सोबती, ब्रेट गुरेविट्झ. बँडही बंद पडला नाही.

संगीताचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. कानावर विसंबून लिहितो. बँडचा १९८८ चा ‘सफर’ (म्हणजे सोसणे, आपला प्रवास नव्हे) पुन्हा ऐकावा. गिटारींच्या गदारोळाखाली सरळ, गुणगुणता येणाऱ्या चाली आहेत, आटोपशीर कडवी आहेत, आणि वर दोन-तीन गळ्यांचे मिळते सूर, थेट चर्चमधल्या समूहगायनासारखे. लोकगीत तिथे आधीपासूनच होते. २००६ मध्ये फक्त ढोल-गदारोळ बाजूला झाला.

तरी सगळेच जमलेले नाही. ‘ओमी वाइज’ हे नॉर्थ कॅरोलायनात प्रियकराने बुडवून मारलेल्या मुलीचे गाणे. त्यात निवेदक हळहळत नाही, निवाडा देत नाही. घडले तेवढे सांगतो, म्हणून अंगावर येते. ग्राफिनच्या स्वतःच्या गाण्यांना हे मौन साधत नाही. तिथे व्याख्याता जागा होतो.

खरा पेच ‘टॉक अबाउट सफरिंग’चा. हे ख्रिस्ताला शरण जाणारे भक्तिगीत. गाणारा नास्तिक, उत्क्रांतीच्या अभ्यासकांच्या धर्मविषयक मतांवर २००३ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवलेला. देव न मानणारे आपल्याकडेही अभंगात रमतात, पण ऐकणे वेगळे आणि स्वतःच्या तोंडाने म्हणणे वेगळे. ग्राफिन शब्द बदलत नाही, खिल्ली उडवत नाही, भक्तीचा आवही आणत नाही. ‘सफर’मध्ये ज्या दुःखावर तो संतापला होता, तेच दुःख इथे दुसऱ्याच्या श्रद्धेच्या भाषेत गातो, आणि ती भाषा त्याला परकी वाटत असल्याची खूण आवाजात कुठेही सापडत नाही. अल्बममधले सर्वांत धीट गाणे मी यालाच म्हणेन.