पाच गणांचा चरण आणि ओवी

इंग्रजी काव्यातील पाच गणांचा चरण मराठीत आणावा, अशी हौस आमच्या कवींस व भाषांतरकारांस वारंवार होते. दोन दोन अक्षरांचे पाच गण, आणि बहुधा प्रत्येकातील दुसऱ्या अक्षरावर आघात, असे त्याचे माप. शेक्सपिअर व मिल्टन यांची निर्यमक रचना मुख्यतः याच चरणात आहे. तेव्हा लघूमागून गुरू असे पाच जोड मांडले की काम झाले, असे कित्येकांस वाटते. आम्हांस तसे वाटत नाही.

हा क्रम आपणांस नवा नव्हे. प्रमाणिकेत असे चार जोड येतात, पंचचामरात आठ. (नावातील ‘पंच’ पाहून कोणी फसू नये!) शिवतांडवस्तोत्र ज्याने मोठ्याने म्हटले असेल, त्यास या क्रमातला डमरू ठाऊकच आहे. डमरूवर तांडव होईल. खचलेल्या राजाचे स्वगत कसे व्हावे? इंग्रजी कवी आघात मागेपुढे सरकवितो, एखादा गाळतो, आणि बोलण्याचा सूर राखतो. आपल्या अक्षरगणवृत्तात एक लघू चुकला की वृत्तभंग झालाच.

केशवसुतांपासून आमच्या सुनीतकारांनी बहुधा शार्दूलविक्रीडित पत्करिले. १९ अक्षरे, १२ व्या अक्षरावर यती. विचारास ऐसपैस जागा मिळते खरी. परंतु लघुगुरूंची सक्ती तीच, आणि ती भागविण्यास संस्कृत समासांची भरती करावी लागते. केशवसुत खानदेशात भडगाव, फैजपूर येथे शिक्षक होते. तेथील बोली या साच्यात शिरणे कठीणच होते.

त्याच खानदेशात, दोंडाईच्याकडील घरांतून, बाया जात्यावर अहिराणीत ओव्या म्हणत. त्या अक्षरे मोजीत नसत. जात्याचा फेरा ठरलेला. अक्षर कमी पडले तर स्वर लांबवावा, अधिक झाले तर दोन अक्षरे एकदम उरकावी. माप बांधलेले आणि भरणा मोकळा, हेच त्या इंग्रजी चरणाचेही मर्म नव्हे काय? माधव जूलियन यांनी ‘छंदोरचने’त (१९२७) लघुगुरूंच्या बंधनातून सुटलेल्या अशा रचनेस ‘छंद’ म्हणून वेगळे स्थान दिले, ते उगीच नव्हे. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची गाणी १९५२ साली ग्रंथरूपाने आली, तेव्हा बोलीतील ओवीत केवढा विचार मावतो, हे शिकलेल्या वाचकांसही दिसले.

अडचण एकच. जात्यावरची ओवी यमकाशी थांबते. स्वगताचे वाक्य चरण ओलांडून पुढे धावते. ज्ञानेश्वरीच्या ओवीत ही धाव आहे, पण तिच्याही पहिल्या तीन चरणांस यमक आहे. भाषांतरकारास ते सोडावे लागेल. सोडल्यावर ओवी ओवी राहते की नुसते गद्य होते, हे कोणी रचून दाखवील तेव्हाच कळेल.